पाळण्यावरचा सफेदा

लग्न होऊन मी बालाघाटला आले तेव्हा आमच्या घरामागच्या कोठ्यात गाय नव्हती. सासरे गेल्यावर सासूबाईंनी ती विकून टाकली होती आणि त्या रिकाम्या कोठ्यात माझ्या यजमानांनी आपला कारखाना मांडला होता. कारखाना हा त्यांचा शब्द. तिथे एक सुतारी बाकडं होतं, भिंतीला अडकवलेल्या करवती आणि रंधे होते, सरस वितळवायचा काळा डबा होता, आणि कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या होत्या. दिवसा ते बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे काढत. संध्याकाळी चहा घेऊन जे कोठ्यात शिरत, ते जेवायला हाका मारल्याशिवाय बाहेर येत नसत. सुतारकाम कुणी शिकवलेलं नव्हतं, पण हात असा की पेन्सिलीची रेघ आणि करवतीची रेघ सारखीच सरळ जायची.

जुन्या सामानाला तेव्हा आमच्या गावात तोटा नव्हता. राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेऱ्यांमधली, कोर्टातली मराठी कुटुंबं एकेक करून नागपूर-भंडाऱ्याकडे सरकत होती. छोट्या रुळांच्या आगगाडीतून जड पलंग आणि कपाटं कोण नेणार? ती मागे राहायची, पडवीत भिजायची, वाळवी खायची. यजमान तसलं काही दिसलं की उचलून आणत. जुना रंग काढत, मोडलेला पाय नवा घडवत, पॉलिश करत किंवा पुन्हा रंगवत आणि कुणी मागितलं तर देऊन टाकत. ओळखीच्या बऱ्याच घरांत त्यांच्या हातची एखादी वस्तू होती.

मला दिवस गेले त्या वर्षी त्यांनी पाळणा आणला.

पाळणा गावातल्या एका वकिलांच्या बंद घरातला. वकीलसाहेब कुटुंबासह नागपूरला जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती आणि घर सांभाळणारा माणूस आतलं सामान काढून टाकत होता. हातठेल्यावर उलटा घालून आणलेला तो पाळणा अंगणात उतरवला, तेव्हा मी हात पुसत बाहेर आले. दोन उभे खांब, मध्ये झुलणारी पेटी, पेटीला चारी बाजूंनी कठडा. सगळा पांढरा. रंगाचे थरावर थर बसले होते, आणि जिथे टवके उडाले होते तिथे आत पिवळट, त्याच्या आत शेंदरी दिसत होतं.

"आतमध्ये शिसम हाय," यजमान नखानं टवका काढत म्हणाले. "कोण्या येड्यानं असं लाकूड रंगवलं असंन? पाह्य तू, पॉलिश केल्यावर कसा दिसते."

सासूबाई पायरीवरून उतरून आल्या. त्यांनी पाळण्याला हात लावला नाही. वाकून कठड्याच्या वरच्या पट्टीकडे बघत राहिल्या. मीही पाहिलं. पट्टीवर एका बाजूला बारीक बारीक खळगे होते, ओळीनं. दाताचे. काही खळग्यांवरून नंतरचा रंग फिरला होता आणि ते बुजल्यासारखे दिसत होते. काही मात्र उघडे होते, रंग खरवडून आतला थर दिसेपर्यंत.

"दोन लेकरं निजली यात," सासूबाई म्हणाल्या. "एक आधी, एक मंग."

"मंग काय झालं? पाळण्यात लेकरं नाही निजणार तं कोण निजणार?"

"त्या वकिलाच्या घरी मी हळदीकुंकवाले जात होती. कोण्या लेकराले तू अंगणात खेळतानी पाह्यलं काय? मी तं नाही पाह्यलं. ज्या पाळण्यातलं लेकरू मोठं झालेलं कोणी पाह्यलं नाही, तो पाळणा माह्या सुनेच्या लेकरासाठी नको."

यजमान हसले. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आईवर चिडायचीही त्यांना सवय नव्हती. पाळणा त्यांनी सरळ कोठ्यात नेला. सासूबाईंनी त्या दिवशी मला बजावलं, की बाळंत होईपर्यंत कोठ्याची पायरी चढायची नाही. मी राजेगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी, घरात मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं एवढंच मला ठाऊक होतं. शिवाय खरं सांगायचं तर ते दातांचे खळगे पाहिल्यापासून मलाच तिकडे जावंसं वाटत नव्हतं.

तो रंग सहजासहजी निघेना. खरवडून पाहिला, पॉलिश कागदानं घासून पाहिला. मग त्यांनी कचेरीतल्या एका फिटरकडून ब्लो-लॅम्प मागून आणला. रॉकेलवर चालणारा, नळीतून निळा जाळ फेकणारा. जाळ धरला की रंग फुगून यायचा, त्याचे बुडबुडे व्हायचे, आणि मग ते पट्टीनं त्याची साल ओढून काढायचे. पावसाळा होता. झडीचं पाणी आत येतं म्हणून कोठ्याचं दार, खिडकी बंद. आतून फर्रर्र असा आवाज यायचा आणि फटींमधून करडा धूर निघायचा. त्या धुराला एक गोडसर वास होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. ते बाहेर आले की त्यांच्या पापण्यांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी भुकटी बसलेली असायची. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे. तशाच हातांनी कोठ्याच्या दारात बसून चहा प्यायचे.

ब्लो-लॅम्प हाताशी आहे तर घरच्याही दारं-खिडक्यांचा रंग काढून टाकू, असं त्यांच्या मनात आलं. पुढच्या खोलीची दारं त्यांनी बिजागऱ्यांवरून उतरवून कोठ्यात नेली. दाराच्या जागी आम्ही साडी बांधली होती. पावसाचा वारा आला की ती साडी घरात फुगायची.

सासूबाईंनी त्यांचे कामाचे कपडे मला कधी धुऊ दिले नाहीत. काठीनं उचलून न्यायच्या आणि मागच्या दगडावर वेगळे धुवायच्या. त्या पाळण्याची बाधा कपड्यांतून माझ्यापर्यंत येईल असं त्यांना वाटायचं. ते कोठ्यातून आले की आधी अंघोळ, मग घरात पाऊल, हाही नेम त्यांनीच घातला. यजमान कुरकुरायचे, पण आईचा शब्द मोडायचे नाहीत.

आमच्याकडे एक मांजर होती. कोठ्यातल्या लाकडाच्या भुश्शावर झोपायची ती. भुश्शातून उठली की अंग चाटत बसायची. श्रावणात ती खायला बघेनाशी झाली. मग एक दिवस अंगणात आली आणि भिंत समोर असून भिंतीलाच जाऊन धडकली. मागे सरकली, परत धडकली. मी दूध ठेवलं तर तिला वाटी दिसेना. दुपारी तिचं अंग ताठ झालं, पाय झाडायला लागले, तोंडाला फेस आला. अशी तीन-चारदा वळली आणि संध्याकाळपर्यंत गेली.

"साप चावला असंन," यजमान म्हणाले.

सासूबाईंनी मांजर पुरायला माणूस बोलावला आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

यजमानांच्या पोटात दुखायला लागलं ते यानंतर. आधी भूक गेली. मी काहीही रांधलं तरी म्हणायचे, तोंडात पैसा धरल्यासारखी चव येऊन राह्यली. मग पोटात कळा. साध्या नाहीत. जेवतानाच ताट सरकवून द्यायचे, गुडघे पोटाशी घेऊन आडवे व्हायचे आणि उशी दाबून धरायचे. कपाळावर घाम. गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं.

"गैस है, और क्या," ते म्हणाले. "रात को चावल बंद करो।"

भात बंद केला. काही फरक नाही. माणूसच बदलत चालला होता. माझ्यावर कधी आवाज न चढवणारे, आता भांडं वाजलं तरी खेकसायचे. कचेरीतून निघायचे आणि घराची गल्ली सोडून पुढे जायचे, मग परत यायचे. चेहऱ्याचा रंग उतरला होता, ओठ पांढुरके झाले होते. पण कोठा सुटला नाही. उलट अंगात बरं नसलं की तिथेच बरं वाटतं म्हणायचे. पाळण्याच्या एका बाजूचं शिसम उघडं झालं होतं. ते मला त्यांनी दारातून उचलून दाखवलं. काळपट, तांबूस रेषांचं, ओल्या नदीसारखं लाकूड. खरंच सुंदर होतं. मी हौ म्हटलं आणि आत आले.

दसरा झाला होता. एके सकाळी ते कचेरीत जायला निघाले आणि दाराशी उभे राहून मला म्हणाले, "जरा बटण लाव तं."

मी लावलं. मला वाटलं, घाई असेल. मग त्यांनी टोपी घ्यायला उजवा हात पुढे केला आणि तो हात मनगटातून खाली लोंबला. दंड उचलला गेला, कोपर वळलं, पंजा मात्र तसाच खाली. बोटं सरळ होईनात. ते स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. डाव्या हातानं त्यांनी उजवा पंजा वर धरला आणि सोडला. तो पुन्हा पडला.

"अवं," ते हळूच म्हणाले, "माहा हात उठून नाही राह्यला."

आठवडाभर ते कचेरीत रोज जात राहिले. नकाशाच्या टेबलाशी बसून मित्राकडून रेघा मारून घ्यायचे. मग साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांना रजेवर पाठवलं. कोणी म्हणालं लकवा. पण लकव्यात तोंड वाकडं होतं, पाय ओढला जातो, तसं काही नव्हतं. सासूबाईंनी लामता गावाहून एक भगत बोलावला. म्हाताऱ्यानं अंगण ओलांडून कोठ्याच्या दारापर्यंत पावलं टाकली, आत डोकावला आणि तिथूनच मागे फिरला.

"भूख लगी है उसको," तो पाळण्याकडे बोट करून म्हणाला. "बच्चा नहीं मिला तो बाप को पकड़ा है। वैनगंगा में डाल दो।"

माझा हात आपोआप पोटावर गेला. सासूबाईंनी तेवढ्यात गड्याला हाक मारली होती, दोर आणायला सांगितला होता. यजमान खाटेवरून उठले. कधी नाही एवढे ओरडले.

"कोणी हात लावायचा नाही त्याले! लाकडाले काय समजते? मी बरा होईन, आन पाळणा पुरा करीन."

बोलता बोलता पोटात कळ आली आणि ते तिथेच खाली बसले. भगत निघून गेला. सासूबाई तुळशीपाशी उभ्या राहून रडत होत्या. त्या अंगणात उभं राहून मी ठरवलं, की मी यांना नागपूरला नेणार. मला सातवा सरून आठवा लागला होता. सासूबाई नाही म्हणाल्या, माझ्या वडिलांनी नाही म्हणून निरोप पाठवला. पण त्यांचं बटण लावायला, घास भरवायला दुसरं कोण जाणार होतं? शेवटी सासूबाईंनीच माझ्या पिशवीत मिठाच्या-मोहरीच्या पुड्या घालून दिल्या.

छोट्या गाडीनं गोंदिया आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. माझ्या मामेभावाकडे उतरलो. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी यजमानांना दोन्ही हात समोर धरायला सांगितलं. डावा उभा राहिला, तोही थरथरत. उजवा लोंबला. डॉक्टरांनी त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली आणि म्हणाले, "आ करा. ओठ खाली ओढा."

खालच्या हिरडीला, दातांच्या मुळाशी, निळीकाळी रेघ होती. मी रोज या माणसाला जेवू घालत होते आणि ती रेघ मला दिसली नव्हती.

"तुम्ही छापखान्यात काम करता?"

"नाही, नकाशे काढतो."

"बॅटऱ्यांचं काही? रंगाचं?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोठ्याचं, ब्लो-लॅम्पचं, पांढऱ्या रंगाचं सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होते आणि मान हलवत होते.

"सफेदा म्हणतात ना त्याला, तो शिशापासून करतात," ते म्हणाले. "त्याखालचा शेंदरी रंगाचा थर, तोही शिशाचाच. तुम्ही बंद खोलीत तो जाळला, त्याची भुकटी केली, आणि महिनोन् महिने श्वासातून आणि खाण्यातून पोटात घेतली. तुमच्या अंगात शिसं भरलंय."

शिसं म्हटल्यावर मला आधी शिसमच ऐकू आलं. वाटलं, लाकूडच विषारी होतं की काय. डॉक्टरांनी पुन्हा समजावून सांगितलं. मग मला मांजर आठवली, भुश्शात झोपून अंग चाटणारी. आणि तिच्यानंतर लगेच ते खळगे.

"लेकरानं हा रंग चावला तर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कोणाचं मूल?"

"आमचं नाही. त्या पाळण्यात आधी जी मुलं होती, ती. कठड्यावर दातांचे खळगे आहेत."

"लहान मुलाला फार थोडं पुरतं," ते म्हणाले. "पोट दुखतं, मूल चिडचिडं होतं, मग झटके येतात. आपल्याकडे मेंदूज्वर म्हणतात आणि सोडून देतात." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्ही त्या कोठ्यात जात होता?"

मी नाही म्हटलं. का जात नव्हते ते मी सांगितलं नाही. सासूबाईंची भीती त्यांना कशी समजावणार?

यजमानांना दवाखान्यात ठेवून घेतलं. इंजेक्शनं सुरू झाली. दिवसभर मी त्यांच्यापाशी बसायची, पण डोक्यातून तो पाळणा जात नव्हता. वकीलसाहेब नागपुरात नावाजलेले होते, मामेभावाला त्यांचं घर ठाऊक होतं. धंतोलीत. मी एका दुपारी त्याला म्हटलं, मला तिथे सोड. का ते त्यानं विचारलं, तर मलाही नीट सांगता आलं नाही. खात्री करून घ्यायची होती एवढंच. कदाचित ती दोन्ही मुलं मोठी होऊन कॉलेजात जात असतील, सासूबाईंचं सगळं बोलणं खोटं ठरेल, अशीही एक आशा होती.

वकीलसाहेब व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. अंगणात मुलं खेळत होती, चार की पाच. त्यांना पाहून माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, बालाघाटहून आले, बाईंना भेटायचंय. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "कोणत्या?"

मला समजलं नाही. मी म्हटलं, "बालाघाटला होत्या त्या."

त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं.

त्या बाई पन्नाशीच्या आत असतील, पण केस पांढरे झाले होते. जमिनीवर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. बालाघाट म्हटल्यावर चेहरा उजळला. कोणाची कोण, विचारून झालं, पाणी दिलं. माझ्या पोटाकडे पाहून म्हणाल्या, "या दिवसांत काहून हिंडतेस, पोरी?"

"तुमच्या घरचा पाळणा आम्ही घेतला," मी म्हटलं.

त्यांचा हात सुपात थांबला.

"पांढरा?"

"हौ."

"त्यात लेकरू निजवू नको," त्या लगेच म्हणाल्या. "माही दोन गेली त्यात. पोरगी गेली, मंग पोरगा. दोघंही दात येत असतानी. आधी चांगली, हसती-खेळती. मंग जेवेनात, रडू रडू जीव घेत. मंग झटके. पोट्ट्याले तर मी मांडीवर घेऊन होती आन तो वळत होता." त्या शांतपणे सांगत होत्या, शंभरदा मनात म्हटलेलं सांगावं तशा. "माह्या सासूनं सांगतलं, हिची कूस वाईट हाय. मंग साहेबांनी दुसरी केली. बाहेर खेळून राह्यली ना, तिचीच हायेत सगळी. एकालेही साधा गोवर सोडून काही झालं नाही. मंग मीच म्हटलं, असंन. माहीच कूस वाईट असंन."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. सांगितलं तर काय होईल, न सांगितलं तर काय होईल, काहीच ठरवता येईना. त्यांनीच विचारलं, "तू काहून आली, पोरी? पाळण्याचंच विचाराले आली ना? काय झालं तुह्या घरी?"

मी सांगितलं. मांजर, यजमानांचा हात, हिरडीची रेघ, डॉक्टर जे म्हणाले ते सगळं. रंगात विष होतं, लेकरं कठडा चावत होती, त्यातून ते पोटात गेलं. तुमची कूस वाईट नव्हती.

बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. बाहेर मुलं ओरडत होती.

"त्याले दात येत होते," त्या म्हणाल्या. "दिवसभर कठडा चावे. मी म्हणायची, चाव बाप्पा, चाव, पाळणाच हाय, मले तं नाही चावत." मग एकदम, "पोरगी गेल्यावर तो जुना रंग नको म्हणून मीच नवा लावून घेतला होता. साहेबांना म्हटलं, गोऱ्या मड्डमेच्या घरी होता तसा पांढरा फक्क पाह्यजे. दोन हात मारून घेतले, वर परत एक."

मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी तो काढून घेतला. उठल्या. सूप पायाला लागून तांदूळ सांडले, तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडून त्यांनी पुढच्या घराकडे तोंड करून सवतीला हाक मारली. ती लगबगीनं आली, कडेवर लहान मूल.

"आता सांग," बाई मला म्हणाल्या. "मले सांगतलं तसंच सांग. मोठ्यानं सांग, व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं पाह्यजे."

मी पुन्हा सगळं सांगितलं. सवत मुलाला छातीशी धरून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. व्हरांड्यात वकीलसाहेब पेपर धरून बसले होते. तो पेपर खाली आला नाही. पण त्याचं पान मी बोलत होते तोवर एकदाही उलटलं नाही.

मला सोडायला बाई फाटकापर्यंत आल्या.

"तू सांगतलं ते चांगलं केलं का वाईट, मले नाही समजून राह्यलं," त्या म्हणाल्या. "पण आता तू इकडे येऊ नको."

मी गेले नाही. पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

महिन्याभरानं यजमानांच्या पोटातल्या कळा थांबल्या. हात मात्र हळूहळू आला, आणि पुरता कधीच आला नाही. वर्षभरानं पंजा अर्धा उचलता यायचा. नकाशांचं काम गेलं, खात्यानं आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. माझी मुलगी राजेगावला माहेरी झाली. पाहिल्या पाहिल्या मी तिची बोटं, तिची मनगटं वर करून पाहिली. ती उशिरा बोलायला लागली. दोन वर्षं होऊन गेली तरी एकच शब्द बोलायची, आणि त्या काळात आमच्या घरात कोणी एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतं. मग बोलली, शाळेत गेली, सगळ्यांसारखी झाली. शिशाचा तिच्याशी काही संबंध होता की नव्हता, हे कोणत्याही डॉक्टरला सांगता आलं नाही.

पाळणा जाळायचा नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर वाईट. नदीतही नको. कोठ्याच्या मागे खोल खड्डा करून पाळणा, खरवडलेल्या साली, भुसा, सगळं पुरलं. यजमान काठावर उभे होते. शिसम उघडं झालेली बाजू वर आली तेव्हा त्यांनी गड्याला ती पालथी करायला लावली.

पण तेवढ्यानं संपलं नव्हतं. त्या आधीच्या वर्षांत त्यांनी लोकांना कितीतरी वस्तू रंगवून दिल्या होत्या आणि मुलांच्या वस्तूंना बहुतेक सफेदाच दिला होता. पांढरा स्वच्छ दिसतो म्हणून. हे त्यांना दवाखान्यातच आठवलं होतं. घरी आल्यावर आम्ही दोघं संध्याकाळी निघायचो, ते लोंबता हात खिशात घालून. कुठे पांगुळगाडा, कुठे चौरंग, कुठे लहान खुर्ची. काहींनी लगेच काढून दिलं. काहींना वाटलं, हाताबरोबर यांचं डोकंही गेलं. चहा देऊन, गोड बोलून आम्हाला परत पाठवलं.

कोर्टामागच्या ओळीत एक तहसील कचेरीतलं कुटुंब राहायचं. त्यांच्या नातवाला यजमानांनी जेवायला बसायची उंच खुर्ची करून दिली होती, पुढे आडवी फळी असलेली. आम्ही गेलो तेव्हा मूल खुर्चीतच होतं. फळीची कड तोंडात धरून आमच्याकडे बघत होतं. यजमानांनी आपला हात खिशातून काढून त्या घरच्या आजीला दाखवला, सगळं समजावलं, दुसरी सागवानी खुर्ची करून देतो म्हणाले.

"चांगली हाय ना खुर्ची," आजी म्हणाल्या. "काहून द्यायची? लेकरू तिच्यात बसल्याबिगर जेवतच नाही."

आम्ही परत गेलो. मग मी एकटी गेले. त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं. ती घाबरली, सासूला विचारते म्हणाली. पुढच्या खेपेला खुर्ची दिसली नाही, आणि मला वाटलं, टाकली. आजी म्हणाल्या, हौ, टाकली. पण बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि मुलाच्या हनुवटीवर, लाळेत, बारीक पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं. भात असेल. मी विचारलं नाही, हात लावून पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्या कुटुंबाची बदली मंडल्याला झाली. मी भाजी घेऊन येत होते तेव्हा त्यांचं सामान ट्रकवर चढत होतं. पेट्या, पलंग, गाद्यांच्या वळकट्या, आणि सगळ्यांत वर दोरानं बांधलेली ती खुर्ची, पाय आभाळाकडे केलेली. मूल आईच्या कडेवर होतं, झोपलेलं की निपचित पडलेलं ते लांबून कळत नव्हतं. मी पिशवी खाली ठेवून हाक मारली. ट्रकवाल्यानं इंजिन चालू केलं होतं, माझा आवाज पोचला नाही.